होमर मूळ ग्रीकमधून वाचायचा आहे: शब्दसंग्रह कसा बांधावा?

पैलतीर (प्रश्न)

अ‍ॅटिक ग्रीकचं (अथेन्सच्या अभिजात बोलीचं) प्राथमिक व्याकरण झालं आहे: नामांच्या रूपावली, क्रियापदांचे मुख्य काळ, कृदन्तं. सोपे गद्य उतारे कोश हाताशी ठेवून वाचता येतात. आता होमरच्या 'इलियड' या महाकाव्याचा पहिला सर्ग घेतला आहे आणि गाडी जागेवरच अडली आहे.

ओळीतले निम्म्याहून जास्त शब्द अनोळखी असतात. बरेच शब्द कोशात शोधायला जावं तर त्या रूपात सापडतच नाहीत. आणि भेटेल त्या शब्दाचं कार्ड करत गेलं की ढीग साठतो, पण पुढच्या पन्नास ओळींत त्यातला क्वचितच एखादा परत येतो.

आधी वारंवारतेची यादी पाठ करावी आणि मग वाचावं, की वाचता वाचता शब्द गोळा करावेत? किती शब्द झाले की वाचनाला गती येते? शाळेत संस्कृत झालं आहे, त्याचा इथे उपयोग होतो का?

---

ओळीमागून_ओळ

दोन्ही करायचं, पण यादी तुम्हाला वाटते त्यापेक्षा पुष्कळ लहान ठेवायची.

'इलियड' सुमारे 15,700 ओळींचं आहे, 'ओडिसी' सुमारे 12,100 ओळींचं. दोन्हींत मिळून हजाराहून जास्त शब्द असे आहेत की जे एकदाच येतात. त्यामुळे भेटेल त्या शब्दाचं कार्ड करणं होमरच्या बाबतीत फसतंच. दुसऱ्या टोकाला काहीशे शब्द असे आहेत की ज्यांच्याशिवाय एक ओळही पुढे सरकत नाही. सगळी मेहनत आधी तिकडे वळवायची.

पहिला आठवडा नामं-क्रियापदं बाजूला ठेवा आणि फक्त बारीक शब्द घ्या. दोन 'दे' (ह्रस्व ए-चा आणि दीर्घ ए-चा, हे दोन वेगळे शब्द आहेत), 'ते', 'गार', 'आरा' आणि त्याचीच आखूड रूपं 'आर' नि 'रा', 'अउतार', 'पेर', 'गे', 'नु', आणि अ‍ॅटिकमधल्या 'आन'च्या जागी येणारं 'के' किंवा 'केन'. सर्वनामांत 'मिन' (त्याला, तिला), 'होइ' (त्याला, चतुर्थीच्या अर्थाने), 'तोइ' (तुला, पण कधी नुसतं 'बरं का' या अर्थाचं अव्यय), 'स्फि' (त्यांना). उपपद म्हणून शिकलेले 'हो, हे, तो' इथे बहुतेक वेळा 'तो, ती, ते' अशी दर्शक सर्वनामं असतात. वाक्याची सुरुवात 'हो दे' अशी झाली की कर्ता बदलला असं धरून चाला. शब्दयोगी अव्ययांची जुनी रूपं घ्या: 'एन'साठी 'एनि', 'प्रोस'साठी 'पोति' आणि 'प्रोति', 'एइस'साठी 'एस'. सगळं मिळून साठ-सत्तर शब्द होतात. हे पक्के नसतील तर मोठे शब्द ओळखूनही वाक्य उलगडत नाही, आणि नवशिक्यांचा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो.

दुसरी गोष्ट, शब्द कोशात न सापडण्याची. तुमच्याकडे शब्द कमी आहेत असं वाटतं, पण पुष्कळदा शब्द माहीत असतो आणि रूप ओळखू येत नाही. हे प्रत्यय एका पानावर लिहून समोर ठेवा.

षष्ठी एकवचन 'ओउ' ऐवजी 'ओइओ'. 'अतरेइदेस'सारख्या नामांची षष्ठी 'आओ' किंवा 'एओ'. षष्ठी अनेकवचन 'आओन'. चतुर्थी अनेकवचन 'ओइसि', 'एसि', आणि व्यंजनान्त नामांना 'एस्सि'. तुमन्त रूपांना 'मेनाइ' किंवा नुसतं 'मेन': अ‍ॅटिक 'एइनाइ'साठी 'एम्मेनाइ', 'एम्मेन'. नामाला 'थेन' लागलं की 'कडून', 'दे' लागलं की 'कडे', 'फि' लागलं की 'ने, सह'.

भूतकाळाचा आगम (क्रियापदाच्या सुरुवातीला जोडला जाणारा 'ए') ऐच्छिक आहे. 'एबे' (तो गेला) हे नुसतं 'बे' असं येतं, 'एफातो' हे 'फातो' असं. कोशात शोधताना सुरुवातीचा 'ए' आहेच असं धरू नका आणि नाहीच असंही धरू नका.

उपसर्ग क्रियापदापासून सुटून दोन-तीन शब्द आधी येऊन बसतो. ओळीत 'काता', 'आना', 'एपि' दिसलं आणि त्याला जोडीचं नाम मिळेना, तर पुढचं क्रियापद बघा. कधी उपसर्गाचा शेवटचा स्वर गळून उरलेलं व्यंजन पुढच्याशी मिसळतं: 'काब्बाले' म्हणजे 'काता' अधिक 'बाले', खाली टाकलं. असे शब्द कोशात 'काब्ब-'पाशी शोधत बसलात तर सापडणार नाहीत, 'काता-'खाली शोधा.

---

कोशकीटक

वरच्याशी सहमत. कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हे पहिल्या सात ओळींवरच करून दाखवतो, कारण निवड करता येणं हेच खरं कौशल्य आहे.

'मेनिन आएइदे, थेआ, पेलेइआदेओ अखिलेओस'. 'मेनिस' (कोप) फार वेळा येत नाही, पण काव्याचा विषयच तो आहे; ठेवा. 'आएइदो' (गाणं), 'थेआ' ठेवा. 'पेलेइआदेओ' हे 'पेलेउसच्या मुलाचा'. शब्द म्हणून कार्ड नको, '-इआदेस' हा अपत्यवाचक प्रत्यय आणि 'एओ' ही षष्ठी, एवढं लक्षात घ्या.

दुसऱ्या ओळीत 'आल्गोस' (यातना) सर्वत्र येतो, 'मुरिओस' (अगणित) आणि 'तिथेमि' (ठेवणं, इथे 'घडवून आणणं') अटळ. 'ओउलोमेने' हे 'ओल्लुमि' (नाश करणं) या क्रियापदाचं कृदन्त. कार्ड क्रियापदाचं करा, पाठीमागे हे रूप लिहा.

तिसऱ्या ओळीत 'प्सुखे' ठेवा. 'इफ्थिमोस' हे विशेषण पुष्कळदा येतं, नेमका अर्थ वादग्रस्त. 'बलवान' असा एकच अर्थ लिहून पुढे चला. 'प्रोइआप्तो' (पुढे धाडणं) मोजक्या ठिकाणी येतं. पानाच्या कडेला पेन्सिलने अर्थ लिहा, कार्ड करू नका. चौथ्यात 'हेलोरिआ' (भक्ष्य) तसंच सोडायचं, पण 'तेउखो' (करणं, घडवणं) अतिशय महत्त्वाचं आणि 'कुनेस्सिन' हे 'कुओन' (कुत्रा) याचं '-एस्सि' प्रत्ययाचं रूप. पाचव्यात 'ओइओनोस' (मांसभक्षक पक्षी, शकुनाचा पक्षी), 'पास', 'बोउले' ठेवा. 'दिओस' ही 'झेउस'ची षष्ठी; हा अनियमित शब्द पहिल्या दिवशीच पाठ हवा. सहाव्यात 'दिआस्तेतेन' हे द्विवचन, आगमाशिवाय, 'दोघे दुरावले'. सातव्यात 'आनाक्स आन्द्रोन' (नरांचा राजा) आणि 'दिओस अखिल्लेउस' (दिव्य अखिल्लेउस), ही दोन पदं जशीच्या तशी, तुकडे न करता घ्या. या 'दिओस'मधला 'इ' दीर्घ आहे, वरच्या षष्ठीतला ह्रस्व. दोन्ही वेगळे शब्द.

सात ओळींतून साधारण पंधरा कार्डं होतात, तीस नाहीत. पहिला सर्ग 611 ओळींचा आहे. पहिले दोन आठवडे रोज पाचच ओळी, पुढे रोज बारा धरल्या तर दोन महिन्यांत सर्ग संपतो. रोजची नवी कार्डं दहाच्या वर नेऊ नका. उजळणीचा भार तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदम जाणवतो, आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात.

आन्की (कार्डांच्या उजळणीचा प्रोग्राम) वापरत असाल तर: कार्ड फक्त ग्रीककडून मराठीकडे. उलट दिशा लिहिणाऱ्याला लागते, वाचणाऱ्याला नाही. तिच्याने कष्ट दुप्पट होतात. पुढच्या बाजूला सुटा शब्द न लिहिता अर्धी ओळ लिहा, शिकायचा शब्द ठळक करा. मागे एक अर्थ (फार तर दोन), मूळ रूप, आणि क्रियापद असेल तर भविष्य व सामान्य भूतकाळाचं रूप. 'एर्खोमाइ'चा भूतकाळ 'एल्थोन' किंवा 'एलुथोन', 'फेरो'चं भविष्य 'ओइसो', 'होराओ'चा भूतकाळ 'एइदोन'. ही रूपं मूळ धातूशी दिसायला जुळत नाहीत, म्हणून त्यांची वेगळी कार्डं करा. एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की प्रोग्राम त्यावर खूण करतो किंवा, सेटिंगनुसार, ते बाजूला काढतो. ते परत आत ढकलू नका. त्याच शब्दाची दुसरी ओळ शोधून नवं कार्ड करा.

कोशाबद्दल. सगळ्या ग्रीक वाङ्मयाचा मोठा कोश इथे अडचणीचा ठरतो: त्यात हजार वर्षांचे अर्थ एकाखाली एक असतात आणि नोंद बहुधा अ‍ॅटिक रूपाखाली असते. होमरपुरता कोश घ्या. कन्लिफचा 1924चा कोश याच कामाचा आहे. प्रत्येक अर्थापुढे सर्ग आणि ओळ दिलेली असते, त्यामुळे शब्द किती वेळा येतो याचाही अंदाज लागतो. नोंदीत दोनच संदर्भ दिसले तर कार्ड नको. वारंवारतेसाठी ओवेन आणि गुडस्पीड यांची यादी आहे: दहा किंवा जास्त वेळा येणारे शब्द, आधी क्रियापदं, मग नामं, मग बाकीचे, आणि प्रत्येक वर्गात वारंवारतेनुसार गट. ती पाठ करायची नसते. पन्नास किंवा जास्त वेळा येणाऱ्या शब्दांचे गट शिकून काढा, त्याखालचे शब्द वाचनात भेटले तर यादीत आहेत का ते बघा. असतील तर ठेवा.

---

उषस्

संस्कृतच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, म्हणून सविस्तर लिहिते. उपयोग प्रचंड आहे, आणि शब्दांपेक्षाही व्याकरणात जास्त.

तुम्हाला द्विवचन, आत्मनेपद, अभ्यास (पहिल्या अक्षराची द्विरुक्ती) झालेली लिट्-रूपं आणि आगम हे सगळं आधीच ठाऊक आहे. 'मा शुचः' यात आगमाचा 'अ' नाही हे शाळेत शिकवलेलं असतं. वेदांत 'मा' नसतानाही अशी रूपं येतात. होमरमधलं 'बे', 'फातो' हे त्याच जुन्या स्थितीचं. 'एबे' आणि 'अगात्' ही तर एकाच मूळ रूपाची दोन अपत्यं. उपसर्ग सुटा असणं हीसुद्धा वेदांतली ओळखीची गोष्ट. 'पेलेइआदेस', 'अतरेइदेस', 'लाएर्तिआदेस' ही नावं दिसली की राघव, सौमित्र, कौन्तेय आठवा. अपत्यवाचक तद्धित आहेत, वेगळी माणसं नाहीत. आणि सामासिक विशेषणं बहुतेक बहुव्रीही: 'रोदोदाक्तुलोस' म्हणजे गुलाबी बोटं असलेली, ती 'एओस', म्हणजे आपली उषस्. विग्रह करायची सवय असेल तर हे शब्द कोशाशिवाय फुटतात. 'पोलु-' म्हणजे पुरु, 'दुस-' म्हणजे दुस्, नकारार्थी 'अ-' म्हणजे अ. 'दुस्मेनेस' हे अक्षरशः दुर्मनस्. 'अम्ब्रोतोस' हे अमृत.

शब्दांसाठी चार-पाच ध्वनिनियम पुरतात. आपला 'श' तिकडे बहुधा 'क': दश–देका, शतम्–हेकातोन, श्वन्–कुओन, श्रवस्–क्लेओस, आशु–ओकुस. शब्दारंभीचा 'स' स्वरापूर्वी 'ह' होतो: सप्त–हेप्ता. 'भ' आणि 'ध' यांचे 'फ' आणि 'थ': भरामि–फेरो, दुहितृ–थुगातेर (इथे आपल्याकडेच मूळ 'ध'चा 'द' झाला आहे). आपल्या एका 'अ'च्या जागी तिकडे ए, ओ किंवा आ: दम–दोमोस, मनस्–मेनोस, नव–नेओस. 'व' गळालेला असतो: वचस्–एपोस, वेद–ओइदा, विद्म–इदमेन. काही शब्दांत 'ग'चा 'ब': गुरु–बारुस, गौः–बोउस.

गळालेल्या 'व'ची खूण छंदात शिल्लक आहे. वर सातव्या ओळीत 'अतरेइदेस ते आनाक्स' असं आहे. 'ते'चा स्वर पुढच्या स्वरापूर्वी गळायला हवा होता, गळत नाही, कारण 'आनाक्स' पूर्वी 'वनाक्स' होता. मायसीनी काळातल्या लिनिअर बी (होमरच्याही आधीच्या ग्रीकची लिपी) पाट्यांवर तो 'व'सकट सापडतो.

'इलियड'च्या नवव्या सर्गात, 413व्या ओळीत, 'क्लेओस अफ्थितोन' येतं: कधीही न क्षय पावणारी कीर्ती. ऋग्वेदातलं 'अक्षितं श्रवः' हे शब्दाला शब्द तेच. भाषापंडित आडालबर्ट कून यांनी 1853 साली हे साम्य दाखवलं. या ओळीपर्यंत पोचणं ही मेहनत करण्याला पुरेशी प्रेरणा आहे असं मला मनापासून वाटतं.

---

कोशकीटक

उषस्, फार छान. एक सावधगिरीची भर घालतो.

नातं कळलं म्हणजे अर्थ कळला असं नाही. 'थुमोस' आणि धूम सगोत्र आहेत, पण होमरमध्ये 'थुमोस' म्हणजे अंगातली उर्मी, जीव, राग, इच्छा. 'पोन्तोस' (समुद्र) आणि पन्थाः सगोत्र आहेत. आणि दिसायला जवळचे असूनही 'थेओस' आणि 'देव' यांचा संबंध नाही. देव, द्यौः यांचं नातं 'झेउस', 'दिओस' यांच्याशी. कार्डावर संस्कृत शब्द कोपऱ्यात, आठवण म्हणून लिहा. अर्थाच्या जागी लिहू नका.

हाच धोका अ‍ॅटिकमधून येणाऱ्यांना जास्त. 'मुथोस' म्हणजे इथे बोलणं, भाषण, सल्ला; दंतकथा नव्हे. 'फोबोस' म्हणजे भीती नव्हे, रणातून पळ. 'सोमा' फक्त प्रेतासाठी, जिवंत देहाला 'देमास'. 'बाल्लो' म्हणजे लांबून फेकून मारणं, जवळून भोसकणं 'ओउताओ'. अलेक्झांड्रियाच्या अरिस्तार्खोस या पंडिताने इ.स.पू. दुसऱ्या शतकात हे भेद नोंदवून ठेवले. म्हणजे ग्रीकांनाही होमर शिकूनच घ्यावा लागे. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवर शाळकरी याद्या आहेत: डावीकडे होमरचा शब्द, उजवीकडे रोजच्या ग्रीकमधला. तुम्ही करताय ते हेच.

आणि कृपा करून शब्द देवनागरीत पाठ करू नका. इथे आपण टंकनाच्या सोयीसाठी देवनागरी वापरतोय, पण आपल्या लिपीत ह्रस्व-दीर्घ ए आणि ओ वेगळे दाखवता येत नाहीत, स्वराघातही नाही. परिणाम असा: 'बिओस' पहिल्या अक्षरावर आघात असेल तर जीवन, दुसऱ्यावर असेल तर धनुष्य (आपली ज्या). 'ओमोस' पहिल्यावर आघात असेल तर खांदा (अंस), शेवटी असेल तर कच्चा (आम). 'देमोस' एकीकडे लोक किंवा प्रदेश, दुसरीकडे चरबी. 'केर' चढ-उताराच्या आघाताने हृदय, नुसत्या चढ्या आघाताने मरणाची देवता. कार्ड ग्रीक लिपीतच, आघातचिन्हांसकट हवं. उच्चारात मात्र आपली सोय आहे: फ, थ, ख हे त्या काळी महाप्राणच होते. 'फळ'मधला फ म्हणा, ओठ-दातांचा नको.

---

पैलतीर

सगळ्यांचे आभार, बारीक शब्दांची यादी आजच सुरू करतो. तीन उपप्रश्न. ठरावीक ओळी पुन्हा पुन्हा येतात म्हणतात, त्या वेगळ्या पाठ कराव्यात का? छंद शिकणं शब्दांसाठी खरंच गरजेचं आहे का? आणि पहिल्या सर्गानंतर पुढचा घ्यावा की उड्या मारल्या तरी चालतील?

---

ओळीमागून_ओळ

ओळी पाठ कराव्यात, आणि मोठ्याने.

'तोन द' अपामेइबोमेनोस प्रोसेफे' (त्याला उत्तर देत म्हणाला) एवढं एकदा बसलं की पुढचा भाग नावाप्रमाणे बदलतो: 'पोदास ओकुस अखिल्लेउस' (पायांनी चपळ), 'पोलुमेतिस ओदुस्सेउस' (पुष्कळ युक्त्यांचा), 'क्रेइओन अगामेम्नोन' (सत्ताधीश), 'नेफेलेगेरेता झेउस' (मेघ गोळा करणारा). तसंच 'एपेआ प्तेरोएन्ता प्रोसेउदा' (पंख असलेले शब्द बोलला), आणि पहाटेची ती प्रसिद्ध ओळ, 'एमोस द' एरिगेनेइआ फाने रोदोदाक्तुलोस एओस', जी 'ओडिसी'त वीसच्या आसपास वेळा येते. अशा पंचवीस-तीस ओळी आणि अर्ध्या ओळी मुखोद्गत असल्या की रोजच्या बारा ओळींत एखाद-दुसरी अशी निघते की जिथे थांबावंच लागत नाही.

त्याच्या पुढची पायरी ठरावीक प्रसंगांची. यज्ञाचं वर्णन 'इलियड' 1.458 ते 468 मध्ये आहे आणि दुसऱ्या सर्गात, 2.421 पासून, बरंचसं तसंच परत येतं. शस्त्रं चढवण्याचा प्रसंग चार वेळा विस्ताराने येतो: तिसऱ्या सर्गात पारिस, अकराव्यात अगामेम्नोन, सोळाव्यात पात्रोक्लोस, एकोणिसाव्यात अखिल्लेउस. क्रम ठरलेला: पोटऱ्यांची कवचं, छातीचं कवच, तलवार, ढाल, शिरस्त्राण, शेवटी भाला. यातली नामं सुटी शिकली तर 'आस्पिस' आणि 'साकोस', 'एन्खोस' आणि 'दोरु' यांत गोंधळ होतो. तिसऱ्या सर्गातला उतारा पाठ केला तर सगळी शस्त्रं रांगेने लक्षात राहतात. गलबत किनाऱ्याला लावण्याचा उतारा (1.432 पासून) हाच उपयोग नौकेच्या शब्दांसाठी देतो. तिथला 'हिस्तोस' म्हणजे डोलकाठी. हाच शब्द घरातल्या प्रसंगात माग असतो, हे आत्ताच लिहून ठेवा.

छंद शिकाच. लघु-गुरूचे नियम तुम्हाला येतात, आणि इथेही जोडव्यंजनापूर्वीचं अक्षर बहुधा गुरूच. ओळीत सहा गण, प्रत्येक गण गुरु-लघु-लघु किंवा गुरु-गुरु, शेवटचा दोन अक्षरांचा. पाचवा बहुधा गुरु-लघु-लघु. यती बहुतेक तिसऱ्या गणात. शब्दांना त्याचा थेट फायदा असा की वर सांगितलेली नावं-विशेषणं यतीनंतरच्या ठरावीक जागेत बसवलेली असतात. उरलेली जागा लहान असेल तर 'दिओस ओदुस्सेउस', थोडी मोठी असेल तर 'पोलुमेतिस ओदुस्सेउस', आणखी मोठी असेल तर 'पोलुत्लास दिओस ओदुस्सेउस'. होमरचे अभ्यासक मिलमन पॅरी यांनी 1928 साली ही व्यवस्था सविस्तर मांडली. वाचकाला कळायचं ते एवढंच: चपळ हे विशेषण आलं म्हणून त्या क्षणी तो धावतोय असा अर्थ काढायचा नाही, आणि त्या शब्दाशी थांबायचंही नाही.

उड्या मारायला हरकत नाही. पहिल्यानंतर दुसऱ्या सर्गाची सुरुवात वाचा, पण 494व्या ओळीपासूनची जहाजांची यादी सोडा. गावांच्या नावांनी शब्दसंग्रह वाढत नाही. नंतर सहावा (529 ओळी), मग बाविसावा आणि चोविसावा. पाचवा आणि अकरा ते तेरा हे लढाईचे सर्ग लांबणीवर टाका: शरीराच्या अवयवांचे आणि जखमांचे शब्द तिथे दाटीवाटीने येतात. उपमाही अवघड असतात, कारण मेंढपाळ, सुतार, सिंह, वादळ यांचे दुर्मीळ शब्द तिथेच एकवटतात. त्यांचा अर्थ भाषांतरावरून समजून घ्या आणि पुढे जा. बदल हवा असेल तर 'ओडिसी'चा नववा सर्ग, 566 ओळींचा, एकडोळ्या पोलुफेमोसचा. कथा ओढून नेते आणि घर, जनावरं, खाणंपिणं यांचे शब्द मिळतात.

एक राहिलं: आज वाचलेल्या बारा ओळी उद्या नव्या बारांच्या आधी कोश न उघडता परत वाचायच्या, आणि आठवड्याच्या शेवटी सगळ्या सलग. कार्डांवर तीस मिनिटं आणि पुनर्वाचनाला दहा, अशी वाटणी असेल तर ती उलटी करा.

---

टंकनसेवक

कार्डं सुरू करण्याआधी कळफलकाचं बघून घ्या, नंतर निस्तरणं किचकट होतं. साधा आधुनिक ग्रीक कळफलक चालणार नाही. सर्व आघात, श्वासचिन्हं (शब्दारंभी 'ह' आहे की नाही हे दाखवणारी) आणि खालचा योटा असलेला 'पॉलीटोनिक' निवडा, तो विंडोज आणि मॅक दोन्हींत असतो. युनिकोडमध्ये चढ्या आघाताचं 'आल्फा' दोन वेगळ्या क्रमांकांवर आहे, एक आधुनिक ग्रीकच्या विभागात, दुसरं विस्तारित ग्रीकच्या. दिसायला सारखीच. संकेतस्थळावरून चिकटवलेला शब्द आणि स्वतः टंकलेला शब्द यामुळे जुळत नाहीत, शोध रिकामा येतो आणि तक्त्यात तोच शब्द दोनदा साठतो. यादी प्रोग्रामात भरण्यापूर्वी सगळा मजकूर 'एनएफसी' या प्रमाण रूपात बदलून घ्या. आणि फॉन्ट असा घ्या की ज्यात मृदू आणि कठोर श्वासचिन्हं लहान आकारातही वेगळी ओळखू येतात. मोबाइलच्या पडद्यावर 'एन' आणि 'हेन' यांतला फरक अशा बारीक चिन्हांवरच असतो.